विषय क्रमांक नऊ

धामणझरीच्या मुख्य पेठेत सहादेव अण्णांचं बी-बियाणांचं दुकान होतं आणि पेठेच्याच वरच्या टोकाला घर. मधलं अंतर सहाशे पावलांचं. एवढं अंतर अण्णा रोज गाडीतून जात. गाडी पांढरीशुभ्र आणि इतकी उंच, की पायरीवर पाय दिल्याशिवाय आत शिरता येऊ नये. आत सात माणसांची जागा, बसायचे एकटे अण्णा. सकाळी साडेनऊला घरासमोर गाडी सुरू व्हायची आणि सव्वादहाला दुकानासमोर बंद व्हायची. मधल्या पाऊण तासात अण्णांची दोन भजनं ऐकून व्हायची, तीन फोन व्हायचे आणि चार भांडणं.

गेल्या दिवाळीत अण्णांना साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. तेव्हापासून अण्णा सकाळी गाडी काढून गावाबाहेर कॉलेजच्या मैदानावर जात, तिथं चार फेऱ्या मारत आणि गाडीत बसून घरी येत. त्यांची बायको मनकर्णा एकदा म्हणाली, "अवो, दुकानावर चालत गेला आन आला, तरी व्हतंय की तेवढं." अण्णांनी तिच्याकडं असं बघितलं, जसं काही तिनं त्यांना भर चौकात धोतर सोडायला सांगितलं होतं.

यात हसण्यासारखं काही आहे असं अण्णांना वाटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. त्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गावाला कुलूप आणि बिऱ्हाड बैलगाडीवर. उसाच्या मोळ्यांनी गाडी भरली की माणसांना जागा उरायची नाही. मग आई कडूबाई आणि तिच्या मागं सहा-सात वर्षांचा सहादेव फडापासून कारखान्यापर्यंत चालत. बागाईतदारांच्या जीपगाड्या शेजारून फुफाटा उडवत जायच्या आणि आई पदराचं टोक पोराच्या तोंडावर धरायची. पदराच्या आत अंधारात सहादेवनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं, की चालतात ती आपल्यासारखी माणसं आणि बसून जातात ती मोठी. पुढं तो मोठा झाला, दुकान झालं, 'अण्णा' झाला, गाडी आली. आता चालायचं म्हणजे एवढ्या कष्टानं चढलेला जिना पुन्हा उतरायचा, आणि तोही लोकांदेखत.

नगरपंचायतीवर निवडून आल्यावर अण्णांनी पहिलं काम हाती घेतलं ते पेठ रुंद करायचं. त्यासाठी पाच जुने कडुलिंब पाडले. चालणाऱ्यांसाठी कडेला फरशी होती, ती उखडली. भाजीवाल्या बायका ज्या ओट्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसायच्या, तो ओटा जेसीबीनं एका दुपारात सपाट केला. नगराध्यक्ष रामहरी तात्यांनी फीत कापली आणि "धामणझरीचा आता विकास कोणी रोखू शकत नाही" असं भाषण केलं.

पंधरा दिवस अण्णा तीन मिनिटांत दुकानात पोचले. ते त्यांच्या आयुष्यातले सुखाचे दिवस. सोळाव्या दिवशी दहा मिनिटं लागली. ज्यांच्या गाड्या घरापुढं ताडपत्रीखाली झोपल्या होत्या, त्यांनी त्या बाहेर काढल्या. ज्यांना गाडी नव्हती त्यांना रस्ता बघून गाडी घ्यावीशी वाटली. पानाच्या टपरीवर जायला लोक गाडीतून येऊ लागले आणि पान लावून होईपर्यंत गाडी रस्त्यातच उभी ठेवू लागले. दोन महिन्यांत दोन्ही बाजूंना गाड्यांच्या दोन रांगा लागल्या, मधे तेवढीच वाट उरली जेवढी आधी होती, आणि अण्णांना पुन्हा पाऊण तास लागू लागला. सावली तेवढी गेली.

अण्णांची मुलगी दिशा राहुरीला कृषी विद्यापीठात शिकत होती. रविवारी घरी आली तेव्हा अण्णा तिला नवा प्रस्ताव समजावून सांगत बसले. गावात नगरपंचायतीची एक बाग होती. सहा बाकडी, एक घसरगुंडी आणि कण्हेरीची झुडपं. तिथं पार्किंग करायचं.

"आन ते भरलं की?" दिशानं विचारलं.

"मग म्होरं बघू."

"अण्णा, आमच्या राहुरीकडं काय झालं सांगू? कालव्याला पाणी आलं. लोक म्हणाले, आता पाणीच पाणी. सगळ्यांनी ऊस लावला. चार वर्षांत पाणी पुन्हा कमी. मग म्हणाले, कालवा वाढवा. वाढवला, तर आणखी ऊस लावला. तुमचा रस्ता तसाच हाय. तुमी जेवढा वाढवाल, तेवढ्या गाड्यांची लागवड करतील लोक."

"ऊस येगळा, गाडी येगळी," अण्णा म्हणाले. त्यांनी पोरीला चहा करायला सांगितलं. ती म्हणाली, तुमीच करा, मी दमून आलेय.

नगरपंचायतीच्या सतरा जणांत लंकाबाई नावाची एक सदस्य होती. राखीव जागेवर निवडून आली होती आणि निवडून आल्यावरही भाजी विकत होती. जेसीबीनं सपाट झालेला ओटा तिचाच. आता ती रस्त्याच्या कडेला पोत्यावर बसायची आणि गाडी मागं घ्यायचा आवाज आला, की मेथीच्या जुड्या पोटाशी धरून उठायची. आषाढातल्या एका बाजारी तिच्या शेजारी बांगड्या विकणाऱ्या छबूबाईच्या पायावरून मागं येणारी गाडी गेली. म्हातारी अजून लंगडते. गाडी कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तेव्हापासून लंकाबाई दर महिन्याला एकच अर्ज द्यायची. गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, पेठेत गाड्या बंद कराव्यात. सामानाचे टेम्पो सकाळी आठच्या आत, रुग्णवाहिकेला केव्हाही वाट, बाकी सगळ्यांनी गावाबाहेरच्या माळावर गाडी लावून चालत यावं. तिचा अर्ज विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी, नवव्या क्रमांकावर छापला जायचा. आठवा विषय संपेपर्यंत जेवायची वेळ व्हायची आणि रामहरी तात्या म्हणायचे, "नववा वेळेअभावी तहकूब." हे सात महिने चाललं होतं.

त्या महिन्यात सभा नेमकी गुरुवारी आली. वेळ अकराची. विषय क्रमांक एक, बागेच्या जागी पार्किंग. अण्णांनी इस्त्रीचा नेहरू शर्ट घातला, दहाला गाडी काढली. नगरपंचायत दुकानाच्या थोडी पुढं, म्हणजे सातशे पावलांवर.

साडेदहाला गाडी पेठेच्या मधोमध येऊन थांबली ती थांबलीच. पुढं कांद्याचा टेम्पो वळताना आडवा झाला होता. मागून एक लग्नाची बस आली. उजव्या हाताला लावलेल्या गाड्यांची रांग, आणि डाव्या हाताला कोणाची तरी काळी गाडी इतकी चिकटून उभी राहिली, की मधून कागदही गेला नसता. सगळे हॉर्न वाजवू लागले. अण्णांनीही वाजवला. हॉर्ननं टेम्पो सरळ होत नाही हे दिसत होतं, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळत होतं.

फोन वाजला. रामहरी तात्या.

"सहादेव, कुठं हायेस तू? मिटिंगची येळ झाली."

"पेठंत अडकलोय, तात्या. तुमी?"

"मी बी. कोन गाढव पांढरी गाडी मधी घालून बसलाय, कळंना."

अण्णांनी सावकाश डावीकडं बघितलं. काळ्या गाडीच्या काचेआड फोन कानाला लावलेले तात्या दिसले. तात्यांनीही उजवीकडं बघितलं. दोघांनी एकमेकांना हात केला आणि फोन ठेवला.

पावणेअकराला दोन गाड्यांच्या मधून अंग चोरत लंकाबाई आली. डोक्यावर रिकामी पाटी. तिनं काचेवर टकटक केलं.

"अण्णा, मिटिंगला येताय न्हवं?"

"तू हो म्होरं. पाचच मिनटं."

"येते मग," असं म्हणून ती गेली. मागोमाग छबूबाईसुद्धा लंगडत गेली, आणि तीही अण्णांच्या पुढं.

अकराला मनकर्णा आली. घरी विसरलेला जेवणाचा डबा तिनं काचेतून आत दिला. अण्णांचा चेहरा बघून तिनं विचारलं, "काय हो, घाम का आलाय? एशी चालू हाय की."

अण्णांनी खालच्या आवाजात सांगितलं. साखरेच्या माणसाला तासातासानं लघवीला जावं लागतं, आणि अण्णांना गाडीत बसून तास उलटून गेला होता.

"मग उतरा की."

"दार उघडत न्हाई. दोन्हीकडनं न्हाई."

"काच तर खाली व्हतीया. काचंतनं या भायेर."

"नगरसेवक हाय मी! भर बाजारात काचंतनं भायेर येऊ?"

"नगरसेवकानं गाडीतच करावी असं बी कुठं लिहिल्यालं न्हाई," मनकर्णा म्हणाली आणि वांगी घ्यायला निघून गेली.

अण्णांनी आणखी वीस मिनिटं कळ काढली. गाड्यांतून बाजारची माणसं सुखानं ये-जा करत होती. कोणाच्या काखेत कोंबडी, कोणाच्या डोक्यावर भोपळा. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा चालणाऱ्या माणसांचा हेवा केला. शेवटी साडेअकराच्या सुमारास त्यांनी शेजारच्या सीटवर सरकून डावीकडची काच पुरती खाली केली, आधी डोकं बाहेर काढलं, मग एक हात तात्यांच्या काळ्या गाडीच्या टपावर टेकला आणि पोट आत ओढून कमरेपर्यंत बाहेर आले. तिथं अडकले. शर्टाचं बटण तुटून तात्यांच्या काचेवर आपटलं. दोन भाजीवाल्या आणि एक शेळी विकायला आलेला म्हातारा, अशा तिघांनी त्यांना बगलेत धरून ओढलं. म्हातारा म्हणत होता, "दम धरा, अण्णा, आलंच, आलंच." आजूबाजूला निदान तीस मोबाईल वर झालेले होते. अण्णा काळ्या गाडीच्या बॉनेटवर पालथे पडले, तिथून घसरत खाली आले आणि उभे राहिले ते थेट धावतच सुटले.

सातशे पावलांमधली उरलेली साडेतीनशे त्यांनी दोन मिनिटांत कापली. पण ते सभागृहात गेले नाहीत, आधी इमारतीच्या मागं गेले. तिथून मोकळ्या मनानं जिना चढून वर आले, तर शिपाई चहाचे कप गोळा करत होता.

"सभा?" अण्णांनी विचारलं.

"झाली की, अण्णा."

झालं होतं ते असं. नगरपंचायतीच्या मुख्याधिकारी बाई नुकत्याच बदलून आल्या होत्या. भाड्याच्या खोलीतून चालत येत आणि वेळेच्या पक्क्या. त्यांनी नियमाप्रमाणे अर्धा तास वाट बघितली. सतरापैकी सहा सदस्य हजर होते, सहाच्या सहा पायी आलेले. सहा म्हणजे एक तृतीयांश, कोरम पूर्ण. अध्यक्ष, उपाध्यक्ष कोणी नाही, तेव्हा हजर असलेल्यांनी आपल्यातून लंकाबाईला खुर्चीत बसवलं. ती म्हणाली, "उलटीकडनं सुरू करू." विषय क्रमांक नऊ एकमतानं मंजूर झाला. विषय क्रमांक एकवर कोणीतरी विचारलं, बागेत गाड्या लावल्या तर पोरांनी घसरगुंडी कुठं खेळायची? उत्तर द्यायला कोणी हजर नव्हतं, म्हणून विषय नामंजूर झाला. मधले सात विषय वेळेअभावी तहकूब. सगळं मिळून बारा मिनिटं.

साडेबाराला रामहरी तात्या पोचले आणि संतापानं लाल झाले. "हा ठराव रद्द करा. सगळे महत्त्वाचे लोक गैरहजर हुते!"

"गैरहजर का होते, ते इतिवृत्तात लिहावं लागेल," मुख्याधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या. "काय लिहू? ट्रॅफिकमध्ये अडकले होते?"

बाईंनी नियमाचं पुस्तक उघडून दाखवलं, की झालेला ठराव तीन महिने तरी फिरवता येणार नाही.

पुढच्या गुरुवारी पेठेच्या दोन्ही तोंडांना दोन दोन ड्रम आणि त्यांवर आडवा बांबू लागला. अण्णा जिद्दीनं गाडी घेऊन निघाले. पेठेच्या वरच्या तोंडाला, म्हणजे त्यांच्या घरापासून चाळीस पावलांवर, ड्रमाशेजारी छबूबाई बांगड्यांची पेटी मांडून बसली होती. अण्णांनी हॉर्न वाजवला. छबूबाईनं धडधाकट पाय बांबूखाली लांब केला आणि म्हणाली, "घाला. एकावरनं घालून झालीय, दुसऱ्यावरनं बी घाला."

अण्णांनी गाडी मागं घेतली, घरासमोर लावली आणि चालत निघाले. मान खाली. त्यांना खात्री होती, की सगळी पेठ आपल्याकडं बघतेय. आणि ते खरंच होतं.

"अण्णा, गाडी इकली का?" चपलांच्या दुकानातून आवाज आला.

"न्हाई."

"बिघडली?"

"न्हाई."

"मग अण्णा, तब्येत तर बरी हाय ना?"

सातव्या माणसानं विचारलं तोवर अण्णा दुकानापाशी पोचलेसुद्धा होते. घड्याळात बघितलं तर आठ मिनिटं झाली होती, आणि त्यातली तीन उत्तरं देण्यात गेलेली. दुकानाच्या पायरीवर माणसं उभी होती. एरवी पायरीला गाड्यांची तोंडं लागलेली असायची आणि गिऱ्हाइकाला आत शिरायला आडवं व्हावं लागायचं. खर्डा गावाकडची एक बाई बाजरीचं बी मागत म्हणाली, "हितं बी मिळतं व्हय? इतकी वर्सं बाजाराला येतेय, गाड्यांमागं दुकान दिसलंच न्हाई कधी." पेठेत काहीतरी वेगळं वाटत होतं. थोड्या वेळानं अण्णांच्या लक्षात आलं, हॉर्न नव्हते. समोरच्या कापडवाल्याचा खोकला ऐकू येत होता. गेली दहा वर्षं तो खोकतो आहे, हे अण्णांना आज कळलं.

घरी जाताना त्यांना आई आठवली. फुफाट्यातून चालणारी ती बाई गाडीसाठी झुरत होती, की नुसता फुफाटा नको म्हणत होती, हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला ती नव्हती. पाठीमागून कोणी हॉर्न देत नाही म्हणून अण्णा रस्त्याच्या मधोमध चालत राहिले.

म्हणून अण्णा सुधारले, असं मात्र कोणी समजू नये. ते राजकारणी होते. चौथ्या गुरुवारी पेठेच्या तोंडावर पंधरा फुटी फ्लेक्स लागला. 'गाडीमुक्त गुरुवार. संकल्पना, सहादेव अण्णा.' फोटोत अण्णा चालताना, एक पाय हवेत. कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून रामहरी तात्या. लंकाबाईनं फ्लेक्सकडं बराच वेळ बघितलं आणि तिची भाजी फ्लेक्सच्या सावलीत नेऊन मांडली. "लिंब पाडले तवापासून सावली नव्हती," ती म्हणाली. "एवढं तरी काम केलं अण्णांनी."

तीन महिने उलटले तरी ठराव फिरवायची भाषा कोणी केली नाही. उलट शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेचं शिष्टमंडळ धामणझरीचा प्रयोग बघायला आलं. अभ्यास दौरा. चौदा माणसं, अकरा गाड्या. अकरा गाड्या गुरुवारी पेठेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, आणि तासाभरात गावाबाहेरच्या हमरस्त्यावर तिसगावच्या दिशेनं रांग गेली.

"बांबू जरा उचला," त्यांचे अध्यक्ष म्हणाले. "आम्ही खास हेच बघायला आलोय."

छबूबाईनं अण्णांकडं बघितलं. तात्या अण्णांच्या कानाशी लागले, "पाव्हणे हायेत. एक दिवस उचल की." पाहुणे मोठे होते, गाड्या त्यांच्या गाडीहून उंच होत्या, आणि मोठ्या माणसांना चालायला सांगायचं म्हणजे काय, हे धामणझरीत अण्णांइतकं कोणाला कळत होतं?

"उतरा, साहेब," अण्णा म्हणाले. "सहाशे पावलं हायेत. मी मोजलीत."

पाहुणे उतरले. उन्हाबद्दल कुरकुरले, लिंबू सरबत प्याले, एकानं पेरू घेतले, दोघांनी बायकोसाठी बांगड्या घेतल्या. दुकानाच्या पायरीवर बसून अध्यक्षांनी वही उघडली.

"हे तुम्ही मंजूर कसं करून घेतलं? आमच्याकडं सभेत नुसतं नाव काढलं तरी सगळे अंगावर येतात. मूळ कल्पना तुमचीच ना?"

अण्णांनी तोंड उघडलं. फ्लेक्स समोरच होता. फ्लेक्सखाली लंकाबाई मेथी निवडत होती आणि मान वर न करता ऐकत होती. अण्णांनी तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"ह्या बाईची," ते म्हणाले. "आमी अडकल्यालो असताना तिनं मंजूर करून घेतलं. मी तर काचंतनं भायेर येत हुतो."

शिष्टमंडळ मोठ्यांदा हसलं. अण्णा विनोदी आहेत, असं त्यांच्यात ठरलं. वहीत त्यांनी 'लोकसहभाग' असा शब्द लिहिला.

महिन्याभरानं त्या नगरपालिकेचं निमंत्रण आलं. अभ्यास दौऱ्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी भर बाजारपेठेत चार मजली पार्किंग बांधायचं ठरवलं होतं. भूमिपूजन अण्णांच्या हस्ते. लंकाबाईलाही बोलावलं होतं, सत्काराला.

ठरल्या दिवशी अण्णा स्टँडवर आले. लंकाबाई आधीच एसटीत खिडकीशी बसली होती. अण्णा शेजारी बसले. चाळीस वर्षांनी एसटीत बसत होते. सीटचं रेक्झिन फाटलेलं होतं, आणि कंडक्टरनं त्यांना ओळखलं नाही याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

"भाषणात काय सांगनार?" लंकाबाईनं विचारलं.

"चार मजले बांधू नका म्हणून सांगनार. आमी एक मजला बी न बांधता भागवलंय म्हनून."

"आन नारळ फोडायला बोलावलंय त्याचं काय?"

अण्णांनी विचार केला. "फोडायच्या आधी सांगतो," ते म्हणाले. "म्हंजी नारळ तरी वाया जायचा न्हाई. चटणीला व्हईल."

कंडक्टरनं घंटी दिली आणि एसटी स्टँडाबाहेर पडली.